आधी अर्थिंग, मग आवाज

भाऊ कोणत्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवत. पाण्याची मोटर असो, कूलर असो की चहाचा पेला, बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच वस्तू हातात घ्यायची. वस्तूत करंट असला तर आखडणारा हात तिला धरून बसत नाही, मागे येतो, हे त्यामागचं कारण. असा एखादा मिस्त्री तुमच्याही गावात असेल. पण आमचे भाऊ देवळात मूर्तीच्या पायांनाही उलटाच हात लावत. मला एकदा ताप आला तेव्हा ते बघायला आले आणि माझ्या कपाळालाही उलटाच हात लावला. "काही नाई सर, करंट कमी हाये," म्हणाले आणि चार संत्री ठेवून गेले.

उमरखेडच्या स्टँडवरून ढाणकीच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललं की त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान लागे. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायची आणि नवी तार वेढा वेढा मोजून भरायची, हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. मी त्याच गावात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. पुसदच्या आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले, पंखा बिघडला की माणूस बोलवायचा एवढंच आम्हाला ठाऊक. वीज मी फळ्यावर खडूने शिकवत असे, आणि तीच वीज भाऊंच्या हाताखालून रोज जात असे. तरी ते मला 'सर' म्हणायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो.

आमची गाठ पडली ती माझ्या बेस गिटारमुळे, म्हणजे चार जाड तारांच्या, खालच्या आवाजाच्या गिटारमुळे. बँकेत कारकून असलेला एक मित्र गिटार वाजवून गायचा, मेडिकल स्टोअरवाला दुसरा ड्रम्स बडवायचा आणि मी बेस. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात आम्ही हेवी मेटल वाजवायचो. उमरखेडला या संगीताची गरज आहे असं आम्हा तिघांखेरीज कोणालाही वाटत नव्हतं.

माझी अडचण अशी की नागपूरहून जुनी बेस गिटार मिळाली होती, पण तिचा आवाज काढणारं मशीन नव्हतं. कीबोर्डच्या लहान स्पीकरला जोडली की ती नुसती फडफडायची. भाऊ स्पीकरही दुरुस्त करतात असं कळलं म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि मासिकातली कात्रणं दाखवत अर्धा तास बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे कसा पाह्यजे आवाज? एक डाव तोंडानं करून दाखवा ना सर."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि भर दुकानात घशातून गुरगुरलो. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलं. भाऊ मात्र मान हलवत होते.

"समजलं. भरल्या विहिरीतून दहा एचपीची मोटर पानी उचलते, तसा. कोरड्या विहिरीतला नाई."

एका वाक्यात एवढं नेमकं त्यानंतर मला कोणी सांगितलेलं नाही.

मशीन त्यांनी दोन महिन्यांत बनवलं. मला पंधरा इंची स्पीकर हवा होता, कारण मोठा म्हणजे जड असा माझा हिशेब. भाऊंनी एकीकडे पंधरा इंची आणि दुसरीकडे दहा इंची दोन असे मांडले, मला डोळे मिटायला सांगितले आणि मेडिकलवाल्याला ड्रम्स वाजवायला लावले. मोठ्या स्पीकरवर सगळे ठोके एकमेकांत मिसळून जात होते. "हा पंधराचा हळू परतते. तुमचा ढोलवाला तं थांबतच नाई. हा परतेलोक दुसरा ठोका येऊन पडते," ते म्हणाले. दहाचे दोन ठरले.

मेटलला जी खरखर लागते तिच्यावरूनही आमचं वाजलं. मी सगळा आवाजच खरखरीत करून टाकायचो, मग त्यातला खालचा जोर नाहीसा व्हायचा. भाऊंनी आवाजाच्या दोन वाटा केल्या. खालचा आवाज साफ ठेवायचा आणि वरच्या आवाजाला तेवढी खरखर द्यायची, दोघांना वेगळं बटण. "तिखट ताटात बाजूले घ्या सर. भाजीतच टाकलं तं मंग काढता येत नाई." मशीनच्या लाकडी पेटीच्या आतून आवाज घुमू नये म्हणून त्यांनी तिच्यात कापूस भरला. कापूस गावभर पडून होता. मी त्याचे पैसे विचारले तर म्हणाले, "बाजारात कोनी विचारून नाई राह्यलं त्याले. इथं तरी कामी येईन."

ती कापसाची वाईट वर्षं होती. विहिरी आटल्या आणि मोटरी जळायच्याही थांबल्या. दुरुस्त करून ठेवलेल्या मोटरी न्यायला कोणी येईना. दुकानाच्या भिंतीशी त्यांची रांग होती आणि प्रत्येकीवर ऑइलपेंटने गावाचं नि मालकाचं नाव. भाऊ रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसत. मी पाहायचो आणि विषय बदलायचो.

म्हणूनच त्या मशीनवर त्यांचा जीव होता. नांदेडकडचे दोन ऑर्केस्ट्रावाले आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर तशीच सहा मशीनं करायची होती. "हे जमलं तं दुकान राह्यते सर," एवढंच ते म्हणाले होते. पुन्हा कधी बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी पेटीला तीनदा पॉलिश केलं.

एकच गोष्ट मला खुपत होती. आमची वायर मुख्य मिक्सरला, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून मोठ्या स्पीकरांना देणाऱ्या यंत्राला, जोडली की मशीनमधून 'हूंऽऽ' अशी गुणगुण यायची. खरखर वाढवली की तीही वाढायची. माझ्या स्वच्छ, काळ्याभोर आवाजाच्या खाली ती सतत कुरकुरत असे.

"मिक्सरची एक अर्थिंग आन् आपली एक. दोघींचं बोलनं चालू हाये," भाऊंनी सांगितलं. "मदात एक लहान ट्रान्सफॉर्मर टाकला का थांबते. तार आली का गुंडाळून देतो. तवरोक राहू द्या. गुणगुण हाये म्हंजे अर्थिंग हाये. ते आयकू येनं बंद झालं का मले भेव लागते."

संमेलन दुपारी दोनला ठेवलं होतं, कारण पाचनंतर भारनियमन. भाऊ सकाळी नऊपासून मैदानात. स्टेजमागे खड्डा करून त्यांनी कोळसा-मीठ घालून अर्थिंगची सळई पुरली आणि त्या टंचाईतही दोन बादल्या पाणी आणून ओतलं. कानावर नेहमीसारखा टेस्टर खोचलेला. प्रत्येक पिन तपासली, प्रत्येक धातूला उलटा हात लावला. मग धुतलेल्या सदऱ्याची बटणं लावत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मिक्सरपाशी उभ्या असलेल्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे गेले.

आम्ही स्टेजवर चढलो. मोठ्या स्पीकरांतून गुणगुण सुरू झाली आणि माझ्याच वर्गातली पोरं मागून 'हूं, हूं' करायला लागली. प्राचार्यांनी मान वळवून पाहिलं. माझे कान तापले.

आता पुढचं सांगायला मला अजून जड जातं. दोन पिनांचा एक अ‍ॅडॉप्टर माझ्या खिशात होता. चुकून नव्हता, मी तो घरून ठरवून आणला होता. मशीनची तीन पिनांची वायर त्यात खोचली की तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, लोंबकळत राहते आणि गुणगुण जाते. असं करू नये हे मी दर वर्षी बारावीला शिकवत होतो, परीक्षेत प्रश्नही काढत होतो. तरी मी पेटीमागे वाकलो आणि ते केलं.

गुणगुण गेली. निवेदक आमची नावं सांगत होता, लगेच ड्रम्स सुरू झाले, आणि मी पहिला स्वर सोडला तो थेट छातीत बसला. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. पोरं हूं करायची थांबली. लांबून ऑर्केस्ट्रावाल्यांपैकी एकजण मान डोलावताना दिसला. भाऊंचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण ते ताठ उभे होते.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, विरल्या. दुसऱ्या गाण्याची पहिली ओळ माझी होती. मी एका हाताने तारा दाबून धरल्या आणि माइककडे सरकलो. मैदान शांत झालं होतं, गुणगुणसुद्धा नव्हती. त्या शांततेत मला भाऊ पळताना दिसले.

पन्नाशी उलटलेला, पायजमा घातलेला माणूस खुर्च्यांमधून वाट काढत, काहीतरी ओरडत येत होता. मला वाटलं, टाळ्या ऐकून आनंद झाला असेल. मी ओठ माइकजवळ नेले. वीतभर अंतर उरलं असेल. भाऊ पायऱ्या न शोधता सरळ स्टेजवर चढले आणि त्यांनी माइकच्या स्टँडला लाथ घातली. स्टँड आडवा पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

भाऊंना दम लागला होता. त्यांनी कानावरचा टेस्टर काढला आणि माझ्या गिटारच्या तारेला टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख लागला.

ते फक्त आम्ही दोघांनीच पाहिलं. अर्थिंग काढल्यावर मशीनचा जमिनीशी संबंध मिक्सरकडे जाणाऱ्या एका वायरीपुरता उरला होता, आणि पहिल्या गाण्यात नाचता नाचता आमच्या गायकाने तीही पायाने उपसली होती. पेटीत उतरणारा करंट तारांमध्ये येऊन थांबला होता. तो माझ्यातून, मिक्सरमार्फत जमिनीशी जोडलेल्या माइकमध्ये जायला माझे ओठ टेकायचीच खोटी होती.

भाऊंनी वाकून मशीन बंद केलं. अ‍ॅडॉप्टर काढला, पाहिला आणि स्वतःच्या खिशात घातला. निवेदक धावत आला, "काय झालं, काय झालं?" मी गिटार गळ्यातून काढायला लागलो. तेवढ्यात भाऊ बोलले.

"माही मशीन बिघडली. सरची काही चूक नाई. तुमी पुढचा कार्यक्रम घ्या."

निवेदकाने ते माइकवरून साऱ्या गावाला सांगितलं. ऑर्केस्ट्रावाले चारच्या गाडीने परत गेले.

तीन दिवस मी दुकानावरून गेलो नाही. लांबच्या रस्त्याने कॉलेजला जायचो. स्टाफरूममध्ये 'वाइंडिंगवाल्याचं मशीन सरांच्या जिवावर उठलं होतं' अशी चर्चा चाले आणि मी चहा प्यायचो. चौथ्या दिवशी गेलो. भाऊ एकटेच बसले होते, हातात काम नव्हतं.

"भाऊ, मी नांदेडला जाऊन त्या लोकांना खरं सांगतो. कॉलेजातही सांगतो."

"कायले?"

"चूक माझी होती. नाव तुमचं गेलं."

त्यांनी रांगेतल्या एका मोटरीवरची धूळ पुसली. "सर, भौतिकशास्त्राच्या मास्तरनं अर्थिंग काढली हे कळलं तं पोरं उद्यापासून तुमचं आयकतीन का? मले काय, मी दुसरं काम करीन." मग खाली मान घालून म्हणाले, "आन् मिस्त्रीची मशीन बिघडली हे लोकाईले पटते बी लवकर."

मी ते मानलं. त्यांनी नको म्हटलं म्हणून नव्हे, मला ते सोयीचं होतं म्हणून. मी कोणालाही काही सांगितलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

"मशीन आठ दिवस ठेवा इथं," ते म्हणाले. "थोडं काम हाये."

आठव्या दिवशी मशीन मिळालं. आवाज तोच. गुणगुण जराशी होतीच. मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाले, "ते ठेवली मुद्दाम. सवय राहू द्या." आणि माझ्या खोलीवर येऊन, न सांगता, तिथल्या सॉकेटची अर्थिंगही करून गेले.

सहा मशीनं झाली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात भाऊंनी दुकानाला कुलूप लावलं आणि मुलीकडे हिंगोलीला गेले. जाण्यापूर्वी रांगेतल्या मोटरी टेम्पोत घालून ज्याच्या त्याच्या गावी पोचवून आले म्हणे. मीही नोकरी बदलून पुण्याला आलो. भाऊ गेल्याचं मेडिकलवाल्याने फोनवर सांगितलं तेव्हा त्यांची तेरवीही उरकली होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मशीन लावलं तर सुरूच होईना. दिवा नाही, आवाज नाही. एका मेकॅनिकने पाहून सांगितलं, आतलं सगळं गेलंय, भंगारात द्या. मला ते जमेना. रविवारी सकाळी मी स्वतःच पेटीची मागची फळी उघडली.

आत कापूस होता. पिवळसर पडलेला, पण जसाच्या तसा दाबून भरलेला. मी तो मुठीमुठीने बाहेर काढला. तळाशी, कापसाखाली, काड्यापेटीएवढा एक रिले बसवलेला होता, विजेवर आपोआप बसणारा खटका. त्याच्या तारेचा मी बोटाने माग काढत गेलो. ती अर्थिंगच्या पिनेला जात होती. मला समजायला वेळ लागला नाही, शिकवलेलं होतं. अर्थिंग मिळाली तरच हा खटका बसणार होता आणि खटका बसला तरच मशीन सुरू होणार होतं. त्या आठ दिवसांत भाऊंनी हे काम केलं होतं.

मशीन बिघडलेलं नव्हतंच. मी भिंतीतलं सॉकेट उघडलं. नव्याकोऱ्या फ्लॅटच्या त्या तिसऱ्या छिद्रामागे तारच नव्हती.

मी कापूस मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो. भाऊंनी मला माफ केलं होतं. भरवसा मात्र ठेवला नव्हता, आणि ते अगदी बरोबर केलं होतं. मग मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगची तार ओढून घेतली. कापूस परत भरला, फळी लावली, बटण दाबलं. आतून बारीक टक् असा आवाज आला आणि मागोमाग ती गुणगुण. मी गिटार उचलली नाही. आधी पेटीला उलटा हात लावला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.