खिडकीजवळचा शेवटचा बाक

बायकांच्याच कॉलेजात का गेलात, असं अजूनही कुणी विचारलं की मी माणूस बघून उत्तर देते. कुणाला सांगते, मराठीतून शिकायचं होतं. कुणाला सांगते, घरची माणसं जुन्या वळणाची होती. हे दुसरं तर धडधडीत खोटं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सोलापुरातल्या एका हायस्कुलात मास्तर होते आणि मुलींच्या शिक्षणासाठी सगळ्या गल्लीशी भांडलेले होते. खरं कारण एक बाक होता, आणि ते सांगायला मला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं.

शाळा मुलांची. आमच्या वर्गात मुली दोनच, मी आणि एका वकिलांची मुलगी. घंटा झाली तरी आम्ही वर्गात जायचं नाही, असा रिवाज होता. मास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीशी उभं राहायचं, मास्तर निघाले की त्यांच्या मागोमाग आत शिरायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग बाहेर पडायचं. अण्णांच्या तासाला मी माझ्याच वडिलांच्या पाठीमागे मान खाली घालून चालायचे. आमचा बाक मास्तरांच्या टेबलाला लागून, आडवा, मुलांकडे तोंड करून ठेवलेला असे. ही मांडणी अण्णांनीच केली होती. “मुलींना कुणाचा त्रास नको,” असं ते येईल त्याला अभिमानाने सांगत.

त्रास कुणी दिलाही नाही, खोटं कशाला बोलू? पण समोर चाळीस मुलं आणि बाजूला मास्तर! जांभई आली तर गिळायची, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. आणि मी तर जन्माची तंद्रीखोर. दुपारी गिरणीचा भोंगा व्हायचा, मग पलीकडच्या आळीतल्या हातमागांची खटखट ऐकू यायची, मध्येच कुणी बाई तेलुगूत काहीतरी गुणगुणायची, आणि मी अण्णांच्या भूगोलाच्या तासातून अलगद उठून कुठच्या कुठे निघून जायचे. तेवढ्यात अण्णांची पट्टी टेबलावर वाजायची. चाळीस तोंडं हसायची.

वर्गाची एकुलती एक चांगली खिडकी मागे होती, शेवटच्या बाकाशी. तिथला एक मुलगा तासन्‌तास बाहेर बघायचा आणि स्वतःशीच हसायचा. खिडकीमागे विणकरांचं अंगण आहे एवढं मला माहीत होतं. माझ्या जागेवरून मात्र एका बांबूचं टोक तेवढं दिसायचं. पाच वर्षं मी त्या मुलाचा हेवा केला. अभ्यासात तो ढ होता, तरीही.

मॅट्रिक झाले आणि अण्णा मला पुण्याला घेऊन गेले. त्यांच्या मनात तिथलं मोठं कॉलेज होतं, मुलामुलींचं. तिथल्या पदवीला सरकारदरबारी मान होता. आम्ही बघायला गेलो तेव्हा पाच-सहा मुली एका खोलीत थांबल्या होत्या. प्रोफेसर निघाले, त्या मागोमाग निघाल्या आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. अण्णांचा चेहरा खुलला. मी मागच्या खिडक्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या स्नेह्यांच्या भाचीला भेटायचं होतं, ती तिथे शिकत होती, म्हणून बायकांच्या कॉलेजात गेलो. तास चालू होता. दारातून मला शेवटच्या बाकावरची एक मुलगी दिसली. हनुवटी तळहातावर, वेणी पुढे आलेली, नजर खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडावर. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मला त्या क्षणी तिच्या जागी बसायचं होतं, दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

पण हे अण्णांना कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्यांनी माझ्यासाठी गल्लीचे बोल सोसले, त्यांना सांगू, की मला खिडकीबाहेर बघत बसायचंय? मी म्हटलं, “मला इथेच यायचंय. मुलांची लाज वाटते.”

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “ठीक आहे,” म्हणाले. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले.

मला शेवटचा बाक मिळाला. त्या पावसाळ्यात मी किती ढग पाहिले याला गणती नाही, आणि नवल म्हणजे कवितेचे तासही कानात आपोआप उतरत गेले. पण अण्णांची ती झटकलेली टोपी मनातून जाईना. शेवटी सगळं खरं खरं पत्रात लिहिलं. बाक, पट्टी, बांबूचं टोक, सगळं. उत्तर आलं, त्यात आईचा खोकला होता, धाकट्याची मुंज होती. माझ्या बाकाबद्दल अक्षर नव्हतं. मी खूप रडले.

सुट्टीत घरी आले तेव्हा अण्णांची शाळा अजून चालू होती. मी शाळेत गेले, तर शिपाईमामांनी फाटकातच गाठलं. “ताई, तुमचा त्यो बाक आमी न्हाय हलवला. मास्तरांनी सवताच वढला की. लई जड हाय, पर ऐकंनात!”

मी दारातून पाहिलं. दोन नव्या मुली मागे, खिडकीशी बसल्या होत्या. एकीचं तोंड किंचित उघडं, नजर बाहेर. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टी उचलली, खाली ठेवली आणि पुढे शिकवू लागले.

शाळा सुटल्यावर आम्ही फाटकापर्यंत आलो.

“पाच वर्षं समोर बसवलं तुला,” अण्णा म्हणाले. “एकदा विचारलं नाही गं.”

माझे डोळे भरून आले.

“काय दिसतं तिथून?” त्यांनी विचारलं.

“मला कुठे माहीत, अण्णा? मी कधी बसलेच नाही तिथे.”

ते थांबले आणि मागे वळले. शिपाईमामांकडून वर्ग उघडून घेतला. आम्ही दोघं त्या बाकावर जाऊन बसलो. अंगणात बांबूंवर ओलं, लाल सूत वाळत घातलं होतं, आणि एक म्हातारी त्याच्या लडी सावकाश झटकत होती. अण्णा हनुवटीला तळहात लावून बघत राहिले. बराच वेळ झाला, पण त्यांना हाक मारायचं माझ्या जिवावर आलं.