नदीत जाऊन आलेली मोटार

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून सावली या आमच्या गावी घरी आले तेव्हा बाबांनी मोटार जवळजवळ घेतलीच होती. व्यवहार व्हायचा होता, पण मनाने ते तिच्यात बसून पोंभुर्ण्यापर्यंत जाऊन आले होते. बाबांचे जंगलाचे ठेके होते, बांबूचे आणि तेंदूपानांचे, आणि कामावर देखरेख करायला ते बैलांच्या दमणीतून रानोमाळ हिंडत. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला होता. दमणीतून उतरल्यावर ते चाकाला धरून जरा वेळ तसेच उभे राहत, आणि कोणी पाहतंय असं वाटलं की बैलांशी बोलत असल्यासारखं करत.

मोटार चामोर्शीकडच्या एका व्यापाऱ्याची होती. काळी, विलायती, चार दारांची. पावसाळ्यात वैनगंगा ओलांडताना ती पाण्यात गेली होती. पूल नव्हताच. दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकत आणि मोटार त्यावरून पार नेत. फळीवरून मागची चाकं घसरली, काठाजवळच, चाकं तेवढी भिजली, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. म्हणून तो ती स्वस्तात द्यायला तयार होता.

मी आले त्याच दिवशी बाबांनी मला सगळं सांगितलं. म्हणाले, मोटार आली की सूनबाईले माहेरी सोडता येईल, अन् तुले आणाले मी स्वतः नागपूरले येईन. माझं नाव तिच्यानंतर आलं होतं. बाबांनी ते मुद्दाम केलं नव्हतं आणि म्हणूनच मला ते लागलं.

वहिनी आमच्या घरात येऊन सहा-सात महिने झाले होते. दादा बहुतेक जंगलातल्या कामावरच असे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात बाबा आणि वहिनी दोघंच. तिचं माहेर नदीकाठचं, धानाचं आणि मासळीचं. शाळा चार इयत्ता. लग्नानंतर पहिले काही दिवस ती सासऱ्यांशी दाराच्या चौकटीआडून बोले. मी दिवाळीला आले तोवर चौकट नुसती टेकायला उरली होती. धानाची पोती आली की बाबा तिला हाक मारत. ती बांगड्या मागे सारून पोत्यात कोपरापर्यंत हात घाले, डोळे मिटून क्षणभर थांबे आणि सांगे, हे वरून वाळवलं हाये मामाजी, आतून ओलं. बाबा ते पोतं बाजूला काढायला लावत. तिला कधी त्यांनी पुन्हा विचारलेलं मी पाहिलं नाही.

हे सगळं पूर्वी माझं होतं. धान नव्हे, पण बाबांचं विचारणं. सरकारी कचेरीतून इंग्रजी पत्र आलं की ते सुट्टीपर्यंत राखून ठेवत आणि मी आल्यावर मला खाटेवर शेजारी बसवून वाचायला लावत. आता मी घरी पाहुणी होते. मला पहिल्यांदा वाढत, मऊ उशी देत, आणि किल्ल्या कुठे असतात ते मला विचारावं लागे. मी फार बोलणारी नव्हतेच. त्या सुट्टीत आणखी गप्प झाले. वहिनीने एकदा ताटात भाकर टाकता टाकता विचारलं, "बाई, तुम्ही इंग्रजीत रुसून राह्यल्या का मराठीत? मले एकच समजते, म्हून विचारलं."

बाबा हसले. मला त्यांचं हसणंही तिच्या वाट्याला गेल्यासारखं वाटलं.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी व्यापारी मोटार घेऊन स्वतः आला. अंगणात ती उभी राहिली तेव्हा सुंदर दिसत होती हे कबूल केलं पाहिजे. बाबा दोनदा तिच्याभोवती फिरले. मग आत बसले, गुडघा हळूच लांब केला, आणि तो लांब होतोय हे पाहून त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. व्यापाऱ्याने त्यांना गावाबाहेर, धानाच्या बांध्यांपर्यंत फिरवून आणलं. इंजिन नीट चाललं.

परत आल्यावर त्याने मोटारीबरोबरचं इंग्रजी पुस्तक बाबांना दिलं आणि बाबांनी ते माझ्या हातात दिलं. ते उघडण्याआधीच मला कळलं. पानं फुगून लाटांसारखी झाली होती, काही एकमेकांना चिकटली होती, आणि प्रत्येक पानावर वरपासून दोन बोटं खाली एक तपकिरी रेघ होती. हे पुस्तक त्याने मोटारीतल्या समोरच्या कप्प्यातून काढलं होतं, तिथे ते उभं असे. तो कप्पा बसणाऱ्याच्या छातीशी येतो. म्हणजे पाणी तिथवर चढलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाबांनी विचारलं की सांगू, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी विचारावं असं मला हवं होतं.

त्यांनी वहिनीला विचारलं. तेही थट्टेत. "सूनबाई, पाह्य बरं बसून, तुले माहेरी जाचं हाये न याच्यातून."

वहिनी पदर सावरून मागच्या बाजूला बसली. बाहेरून मला दिसलं की तिने बांगड्या मागे सारल्या. बसायची गादी आणि टेकायची गादी यांच्या मधल्या फटीत तिने हात घातला, कोपरापर्यंत, आणि डोळे मिटले. हात बाहेर आला तेव्हा मुठीत बारीक, चमकणारी रेती होती आणि नखाएवढा एक शिंपला. ती उतरली, आणि मूठ बाबांसमोर उघडून हलक्या आवाजात म्हणाली, "चाकं भिजली म्हनते न हे भाऊ. मंग ही रेती गादीत कशी चढली, मामाजी?"

व्यापारी म्हणाला, नदीकाठचा वारा, रेती कुठंही जाते. बाबा त्या मुठीकडे पाहत राहिले. त्यांना मोटार हवी होती. मला इतकं स्पष्ट दिसत होतं की ते कोणीतरी "घ्या" म्हणण्याची वाट पाहत होते. ते माझ्याकडे वळले.

"पुस्तकात काय लिवलं हाये पान्याबद्दल? पाह्य."

मी शोधलं. खरोखरच होतं. मोटार पाण्यात बुडाली असेल तर इंजिन मुळीच सुरू करू नये, आधी सगळं तेल काढून टाकावं, इंजिन उघडून पुसावं, विजेच्या तारा बदलाव्यात. तसं न करता चालवली तर ती काही दिवस नीट चालल्यासारखी वाटेल आणि मग आतून निकामी होईल. ओळींवरून बोट फिरवत मी हे मनात शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "पाणी गेलं तर चांगली वाळवून घ्यावी, असं लिहिलंय."

मी खोटं बोलले नव्हते. वाळवण्याबद्दलही एक शब्द होता तिथे. पण मी ते का केलं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वहिनीचा हात खरा ठरू नये एवढंच मला हवं होतं. बाबांचा गुडघा, त्यांचे कष्टाचे पैसे, काही म्हणजे काही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं.

व्यापाऱ्याचा चेहरा खुलला. बाबांनी मान हलवली. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "बाई, बोट तं पार पानाच्या खालपर्यंत गेलं तुमचं. बोलल्या एवढंसंच."

"इंग्रजी लांबलचक राहते," व्यापारी म्हणाला.

"लांब तं लांब. आमाले कुठी घाई हाये."

तिच्या आवाजात टोमणा होता की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. ती माझ्याकडे पाहत नव्हती, रेती पदराने पुसत होती. बाबा मात्र पाहत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "सारं वाच."

मी सारं वाचलं. आधी इंग्रजीतून, मग एकेक वाक्य मराठीतून. वाचून झाल्यावर बाबांनी व्यापाऱ्याला विचारलं, इंजिन खोललं होतं का. तो म्हणाला, खोलायची गरजच काय, दोन दिवस उन्हात उभी ठेवली, खडखडीत वाळली, मग सुरू केली.

"चाकं वाळाले दोन दिवस लागले?" बाबांनी शांतपणे विचारलं.

व्यवहार तिथेच मोडला. व्यापाऱ्याला चहा दिला. तो गेला तेव्हा बाबा ओसरीच्या पायरीवर बसले होते आणि गुडघ्यावरून हात फिरवत होते. मी काही वाक्यं गाळली याबद्दल ते मला कधीच काही बोलले नाहीत. त्यांनी ते माझ्या लाजाळूपणाच्या खात्यात टाकलं असावं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबांचे दोन-तीन ओळखीचे ठेकेदार घरी आले. मोटारीची हकिकत निघाली. बाबांनी ती रंगवून सांगितली, आणि त्या सांगण्यात पोरगीच होती. पोरीनं इंग्रजी पुस्तक उघडलं, पोरीनं तिथंच त्याले पकडलं, नाई तं गेलो होतो मी. एवढं शिकवल्याचं सार्थक झालं. मुठीतल्या रेतीचं नावही निघालं नाही. मला वाटतं ते विसरले नव्हते. सुनेची हुशारी बाहेरच्या लोकांत सांगायची नसते आणि मुलीची सांगायची असते, एवढंच त्यांना वाटलं असेल. त्यांनी मला बोलावून ती वाक्यं पुन्हा म्हणायला लावली. मला ती पाठ झाली होती. मी म्हटली, आणि त्या माणसांनी माना डोलावल्या तेव्हा मला आवडलं. वहिनी चहा घेऊन चौकटीत उभी होती. मी तिचं नाव घेऊ शकले असते. एक वाक्य पुरलं असतं.

माणसं गेल्यावर ती कप गोळा करायला आली. मी भिंतीशी बसले होते. ती बोलेल असं वाटून मी उत्तरं जुळवत होते. कप एकात एक घालता घालता तिने विचारलं, "बाई, त्या पुस्तकात गादीत हात घालून पाहाचं लिवलं होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली. तिला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. आत ती भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती, आणि मी बाबांच्या शेजारी, खाटेवरच्या माझ्या जुन्या जागेवर बसून ते ऐकत होते. मला तिचा हेवा तेव्हा सगळ्यात जास्त वाटला.