कार्डाचं नाव

आमच्या वाचनालयातल्या संगणकाच्या पाठीमागे, इंटरनेटची वायर खुपसतात तिथे, तुरीच्या डाळीएवढा हिरवा दिवा आहे. आज तो लुकलुकला आणि मी चक्क टाळी वाजवली.

तीन दिवस तो विझलेला होता. संगणकावर मी नवं लिनक्स, म्हणजे त्याला चालवणारी प्रणाली, चढवलं, वायर जोडतात त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घातला, तरी नेट काही चालू होईना. सेटिंगच्या फाइलमध्ये कार्डाचं नाव लिहावं लागतं; ते मी जुन्या सवयीने, न बघताच लिहून टाकलं होतं.

माझी चिडचिड बघून ग्रंथपाल सुनंदाताई म्हणाल्या, "लग्नात माझं नाव बदललं. सासरचे 'सुनंदा, सुनंदा' हाका मारायचे आणि मी आपली ढिम्म! त्यांना वाटलं, सून बहिरी आहे. तुमच्या त्या कार्डाला त्याचं नाव नीट विचारलंत का?"

विचारलं. नव्या लिनक्सने कार्डाचं बारसं परस्पर उरकलं होतं. ते नवं, लांबलचक नाव फाइलमध्ये लिहिलं, आणि दिवा लागला! बिघडलं काहीच नव्हतं, माझी हाक तेवढी चुकली होती. अशा किती जणांना मी बहिरं ठरवलं असेल, कोण जाणे.

"ताई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"कुसुम," म्हणून त्या पुस्तकं लावायला आत गेल्या.

निघताना मी दारातून विजयाने ओरडलो, "जिंकलो की हो, कुसुमताई!"

आतून लगेच, पोरीसारखी खणखणीत ओ आली.