तिसरा सिलिंडर

हे मी आईला सांगितलं नाही, देवापुढे उच्चारलं नाही. ह्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

शीळफाट्याला आमचं गॅरेज आहे. लग्न होऊन आले तेव्हा बॉनेट कुठून उघडतं तेही मला माहीत नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, चार माणसांत तोंड उघडायची लाज. पण हळूहळू इंजिनाचा आवाज मला कळायला लागला. हे हाक मारायचे, "अगं, ऐक जरा, कुठला सिलिंडर लंगडतोय?" मी बोट दाखवायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एवढंच माझं होतं. दुसरं काय होतं माझ्याकडे?

मग अश्विनी कामाला आली. डोंबिवलीची, डिप्लोमा केलेली, स्कूटीवरून यायची. मला काकी म्हणायची, माझ्या डब्यातली भाजी हक्काने खायची. वाईट होती का? नाही — तेच तर. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती आल्यापासून ह्यांनी मला विचारणंच सोडलं. दिवसभर आपलं, "अश्विनी, बघ गं."

एकदा माजिवड्याच्या म्हात्रेदादांची जुनी गाडी आली. त्यांच्या वडिलांनी इंजिनात बदल करून पेट्रोल-हवा मिसळून सोडणारे दोन कार्ब्युरेटर बसवून घेतले होते. चढावर दम टाकत होती. "बाबांनी उभं राहून बांधून घेतलेलं इंजिन आहे, उगाच खोलू नका," दादांनी बजावलेलं. अश्विनी म्हणाली, आधी कॉम्प्रेशन बघू, सिलिंडरमधला दाब.

ते असं बघतात — प्लग काढायचे, एकेका भोकात दाबाचं मीटर लावायचं, आणि गाडीत बसलेल्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायचा. पाय सुटला तर इंजिनाला हवा मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो. गाडीत मी बसलेले. पहिला सिलिंडर चांगला आला, दुसराही. तेवढ्यात हे दादांना म्हणाले, "ही पोरगी आली, आता मला सुट्टी. आणि आमच्या बाईसाहेब काय, नुसत्या पाय दाबायला!"

दादा हसले. अश्विनी नाही हसली — हेही सांगायला हवं.

तिसऱ्याला मी पाय उचलला.

आकडा पडला. तिने परत मारायला लावला, मी परत उचलला. चुकून? दोनदा कोण चुकतं? मग तिने त्या भोकात चमचाभर तेल सोडलं. तेलाने आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, नाही चढला तर वॉल्व गळतोय — हे मला ठाऊक होतं. म्हणून या वेळी मी पाय पूर्ण दाबला. आकडा चढला.

"काका, रिंगा गेल्यात," ती म्हणाली. किती खात्रीने!

इंजिन खोललं. रिंगा धडधाकट. दोष एका कार्ब्युरेटरचा निघाला, स्क्रूच्या अर्ध्या आट्याचा. म्हात्रेदादा सुट्या पडलेल्या भागांकडे बघत राहिले. हे मात्र सगळ्यांदेखत तिला बोलले — नको नको ते. थोड्या वेळाने ती माझ्याजवळ आली.

"काकी, पाय पूर्ण दाबलेला ना तुम्ही?"

"हो गं. पार खाली टेकवलेला."

"सॉरी काकी, असंच विचारलं."

सॉरी ती म्हणाली. मला.

आता ती कुठल्याशा शोरूममध्ये काउंटरवर बसते म्हणतात, इंजिनाला हात लावत नाही. त्या दिवशी तिने ओढणीने तोंड पुसलं आणि स्कूटी काढली. ती रस्त्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते. एक हाक मारली असती तर थांबली असती. मी हाक मारली नाही. मला बरं वाटत होतं.