काकूंनी न धुतलेल्या दोन बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या काकूंच्या हातून कुठलीच बाटली एका धुण्यात सुटत नसे. धुवायची, उजेडात धरायची, नाक मुरडायचं, पुन्हा धुवायची. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच, कारण तेव्हा मला शिंगं फुटली होती.

माझं काम निकामी सोलर पट्ट्यांचं. त्यांच्यावर वीज वाहून नेणाऱ्या खास प्लास्टिकचा, पॉलिमरचा, जांभळा थर असतो. तो विरघळवायचा, गाळायचा आणि नव्या पट्टीवर पुन्हा कामाला लावायचा. चार वर्षं घासली, पण नव्या पट्टीची वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म हलेना. जुन्या पट्ट्यांचा शेवटचा गठ्ठा उरला होता. तोही वाया गेला तर काम बंद, असं आमच्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

मध्ये एकदा काकू म्हणाल्या होत्या की खिडकीतल्या बाटल्यांचा तळ पिवळा निघतो, आतल्यांचा जांभळा.

"काकू, तुम्ही बाटल्या धुवा," मी म्हणालो होतो.

त्यांनी पुढची बाटली धुवायला घेतली. महिन्याभराने मी डोकं धरून बसलो असताना त्यांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. न धुतलेल्या! दोन्ही त्याच दिवशीच्या, तारखेची चिठ्ठी चिकटवलेल्या. एक खिडकीत गाळलेली, दुसरी तिथे जागा नव्हती म्हणून आत. पहिलीचा तळ पिवळा, दुसरीचा जांभळा.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. गाळायला सहा तास लागायचे आणि वास बाहेर जावा म्हणून आम्ही गाळण्या खिडकीत मांडायचो. उन्हात पॉलिमर बिचारं खराब व्हायचं, आणि मग आम्ही चांगला-वाईट सगळा माल एकत्र ओतायचो. ऊन त्याला सोसत नाही हे मी पुस्तकात दहादा वाचलं होतं. काकूंनी एकदाही वाचलं नव्हतं, त्यांनी नुसतं पाहिलं होतं.

शेवटचा गठ्ठा आम्ही आतल्या बंद कपाटात गाळला. काकूंनी मोडक्या छत्रीचं काळं कापड शिवून प्रत्येक बाटलीला अंगरखा घातला. नवी पट्टी दिव्याखाली धरली आणि काटा हलला. बाई मटकन खुर्चीत बसल्या. मला आनंद झाला, पण लाज त्याहून जास्त वाटली.

संध्याकाळी त्या दोन बाटल्या मी स्वतः घासल्या आणि काकूंपुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी एकेक उजेडात धरली, नाक मुरडलं.

"तळ राहिलाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा धुवा."