आठ शिंगांचं वायफाय

गडबच्या जनूनं पसंत केली नाही ती वस्तू घरात टिकत नाही, असं गडबमध्ये लोक मानतात. मानतात म्हणजे काय, जनूनंच त्यांना मानायला लावलंय. धाटावच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं शिफ्ट करून दोन वर्षांमागे रिटायर झालेला हा माणूस. उंची बेताची, पोट बेतापेक्षा जरा पुढे आणि उजव्या हाताचं मधलं बोट जगप्रसिद्ध. आता जग म्हणजे वडखळ ते नागोठणे, पण तेवढं पुरे. त्या बोटानं तो टिचकी मारतो. माठ असो, कलिंगड असो, दाराची फळी असो. टिचकी मारायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "हा घे" नाहीतर "ठेव खाली". मधलं काही नाही.

पेणला गणपतीची मूर्ती नोंदवायला आळीतली सात-आठ घरं जनूला पुढे घालून जातात. मूर्तीला टिचकी मारलेली कारखानदारांना चालत नाही, म्हणून तिथे हा नुसता मूर्तीच्या डोळ्यांत बघत उभा राहतो. एका वर्षी एका सुरेख मूर्तीसमोर "हा रुसलाय" एवढंच बोलला आणि पुढे गेला. झालं! ती मूर्ती कोणी घेईना. शेवटी कारखानदाराला मूर्तीचे डोळे पुसून नव्यानं आखावे लागले. तेव्हापासून जनू दिसला की तो आधी चहा सांगतो आणि मग देवाचं नाव घेतो.

तर अशा या जनूची सून ऋतुजा. माहेर रोह्याचं, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम ती मागच्या खोलीत बसून लॅपटॉपवर करायची. वायफायचा जुना डबा होता पुढे ओटीवर. मागच्या खोलीत नेट येई ते रडतखडत. मीटिंगमध्ये बोलता बोलता ऋतुजाचं चित्र तोंड उघडं असतानाच गोठायचं, आणि साहेब विचारायचे, "मॅडम, जांभई देताय की भांडताय?"

एक दिवस जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अमोल, हे असंच राहिलं तर पनवेलला खोली बघावी लागेल."

जनूचा घास हातातच राहिला. अमोल एकुलता एक. त्याची नागोठण्याची नोकरी पनवेलहून जमण्यासारखी होती, म्हणजे तोही जाणार. आणि खरं सांगायचं तर जनूला मुलापेक्षा सुनेचं जास्त लागलं. चार वाजता चहा घेऊन त्याच्याजवळ बसणारी, कंपनीतल्या त्याच त्याच गोष्टींना खदाखदा हसणारी माणसं या घरात दुसरी होती कुठे? हौसाबाई, म्हणजे जनूची बायको, त्या गोष्टी सुरू झाल्या की भांडी घासायला उठायची.

"खोली कशाला?" जनू म्हणाला. "डबाच बदलू. मी आणतो."

"बाबा, मी सगळं वाचून काढलंय. आपलं घर लांबडं आहे, कुठला राउटर चालेल ते लिहून देते."

तिनं चिठ्ठी दिली. जनूनं ती लांबच्या पाहुण्याची लग्नपत्रिका घ्यावी तशी आदरानं घेतली, घडी घातली आणि न वाचता खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोविंदाला सोबत घेऊन जनू रोह्याला. स्टेशनच्या रस्त्याला साईराज नावाच्या पोरगेल्या दुकानदाराचं दुकान आहे.

"काका, सध्या वायफाय सात आलंय," साईराज म्हणाला.

"मग आधीचे सहा कुठे गेले?"

"सहा पण आहे. पण सातचं कसं, एकाच वेळी दोन-तीन वाटांनी माल पाठवतो. एक वाट तुंबली तर दुसरीनं."

"म्हणजे हायवे खोदून ठेवला की आपण गावातनं गाडी घालतो, तसा?"

"अगदी तसा!" साईराज खूश झाला. "आता सांगा, घरात खोल्या किती? मधे लोखंड, पत्रा काही?"

जनूला हे आवडलं नाही. इतके प्रश्न डॉक्टर विचारत नाही. "तू माल दाखव रे," तो म्हणाला.

माल आला. जनूनं पहिल्या राउटरला टिचकी मारली. टप्प. दुसऱ्याला मारली. टप्प. एक हातात घेऊन वजन पाहिलं, एक हुंगला. साईराजनं घाबरून शटरकडे पाहिलं. मग त्यानं दोन पांढऱ्या डब्यांची जोडी पुढे ठेवली. "काका, लांब घराला हे बेस्ट. एक पुढे ठेवायचा, एक मधे."

"एकाच्यानं होत नाय म्हणून दोन दिलेत होय? ठेव खाली."

तेवढ्यात जनूची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे एक काळाकभिन्न धूड बसलेलं होतं, आणि त्याला आठ अँटेना उभ्या.

"आठ शिंगं!" गोविंदा पुटपुटला. "अरे, दोन शिंगांचा बैल सगळं शेत नांगरतो."

जनूनं टिचकी मारली, डोळे मिटले. "बांध," तो म्हणाला.

ते धूड ओटीवर भिंतीला लागलं. हौसाबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं थोडं एका शिंगाला लागलं. आणि खोटं कशाला बोलू, ओटीवर नेट असं काही धावलं की गोविंदानं पाचव्या मिनिटाला स्वतःचा रिचार्ज बंद करायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आळीतले अकरा जण जनूच्या ओटीवर मोबाईल घेऊन बसले होते. वनडे मॅच होती. जनू मधे खुर्ची टाकून बसलेला, मुलीचं लग्न लावून दिलेल्या बापासारखा.

मागच्या खोलीत मात्र शिंगं आठ असोत नाहीतर ऐंशी, काही पोचत नव्हतं. कारण मधे माजघर, आणि माजघरात भाताच्या दोन पत्र्याच्या कोठ्या, माणसापेक्षा उंच, गळ्यापर्यंत भरलेल्या. ऋतुजा बिचारी लॅपटॉप घेऊन कोठ्यांच्या अलीकडे येऊन बसली. तिच्या साहेबांनी विचारलं, "तर या महिन्याचा आकडा?" आणि ओटीवरनं अकरा गळ्यांनी उत्तर आलं, "औऽऽट!"

ऋतुजा बाहेर आली. तिला पाहताच मॅच एकदम संपल्यासारखी ओटी रिकामी झाली. गोविंदा तर चपला विसरून गेला.

"उद्या बारा शिंगांचा आणतो," जनू घाईनं म्हणाला.

"बाबा, चिठ्ठी वाचलीत?"

जनूनं खिशातून ती काढली, चष्मा लावला. 'दोन डब्यांची जोडी. एक ओटीवर, एक माजघरात कोठ्यांच्या वर भिंतीला. पत्र्यातून सिग्नल जात नाही, वरून जाईल.' जनूला दुकानातले दोन पांढरे डबे आठवले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"राउटरचं जाऊ दे," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या खोलीचे पडदे तुम्ही निवडलेत. चादर तुम्ही. माझ्या मोबाईलचं कव्हर तुम्ही. दीड वर्षात या घरात मी साधी चहाची गाळणी निवडलेली नाय. पनवेलला निदान गाळणी तरी माझी असेल."

"दीड वर्षाचं काय सांगतेस गो!" आतनं हौसाबाईचा आवाज आला. "मला चौतीस वर्षं झाली! मला पण यांनी टिचकी मारूनच पसंत केलीन!"

जनूला आता उमगलं. म्हणजे नेट हे नुसतं निमित्त होतं. पोरगी निघाली होती ती आपल्यापायी. आपण प्रेमानं करत होतो, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं, पण ते त्याला स्वतःलाच लंगडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो ऋतुजाला घेऊन रोह्याला गेला. साईराजनं धूड परत घ्यायला कुरकुर केली. "काका, याला कुंकू लागलंय."

"पूजा केलेला माल हाय, दोन रुपये जास्तच येतील तुला."

मग ऋतुजा निवडायला बसली. देवा रे, काय तो वेळ! प्रत्येक खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत होती, साईराजला खोदून खोदून विचारत होती. दीड तास. जनूचं मधलं बोट नुसतं वळवळत होतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. शेवटी दोन कंपन्यांच्या जोड्या उरल्या, तेव्हा तिनं वळून विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठली वाटते?"

जनूला डावीकडची वाटत होती. अगदी छातीठोक वाटत होती.

"तुला बसायचंय त्या खोलीत," तो म्हणाला. "तूच ठरव, पोरी."

तिनं उजवीकडची घेतली. जनूनं पिशवी धरली.

संध्याकाळी मागच्या खोलीत तिचं काम अडखळल्याशिवाय चाललं. साहेबांचं चित्र इतकं स्वच्छ दिसत होतं, की त्यांनी केस रंगवलेत हे हौसाबाईनं लांबून ओळखलं. अमोल शिफ्टहून आला, हातपाय धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "पनवेलला विचारून ठेवलेल्या खोलीवाल्याचा फोन आलेला. काय सांगू?"

जनू वरणात भात कालवत होता. कालवतच राहिला. त्याला मान वर करायचं धाडस होईना.

"नको म्हणून सांग," ऋतुजा म्हणाली. "आणि रविवारी सुट्टी हाय ना तुझी? मागच्या खोलीला रंग काढायचाय. भडक जांभळा."

हौसाबाईनं चटकन नवऱ्याकडे पाहिलं. जनूला जांभळा रंग बघवत नाही, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो ताटावर आणखी वाकला.

"रविवारपर्यंत कशाला थांबायचं?" तो म्हणाला. "मी घरीच हाय. उद्या सकाळी लागू या."