आकारामचं यान

आकाराम कारखान्यात वेल्डर होता, आणि गणपतीत आमच्या कसबा बावड्याच्या मंडळाचा अंतराळवीर. सजीव देखाव्यात संवाद आधीच टेपवर भरतात. वर उभी माणसं नुसते ओठ हलवतात. १९९७ साली त्यानं पत्र्याचं यान केलं आणि गोष्टही स्वतःच रचली. शेकडो वर्षांमागं पृथ्वीवरनं गेलेली एक वसाहत, जिला सगळे दंतकथा म्हणतात, ती शोधायला यान निघतं.

त्या वसाहतीत उरलेल्या शेवटच्या बाईचा आवाज शाळेतल्या बाईंनी दिला. आकारामला तो पटेना.

"बातम्या सांगितल्यागत वाटतंय. बायडे, तू बोल की!"

त्याची बायको बायडाबाई पदराआड हसली. "म्हशीला हाक मारणारी मी. चंद्रावर काय बोलू?"

"चंद्राच्या लय पल्याड हाय ते. मी दारात आलोय समज. उशिरा."

तिनं लिहिलेलं सोडलं आणि म्हणाली, "आलासा व्हय? किती वाट बघायची माणसानं? या, हातपाय धुवा."

पहिल्या खेळाला बावडा खदाखदा हसला. दुसऱ्यापासून बायका त्याच वाक्याला डोळे पुसू लागल्या.

माघात बायडाबाई काविळीनं गेली. आकाराम मंडळाकडं फिरकेना. श्रावणात मात्र मंडळाच्या बैठकीला आला. "औंदा तोच देखावा."

"जुनाच? लोक काय म्हणतील?" मंडळाची टेप सांभाळणारा बाळासो म्हणाला.

"म्हणू देत. तिचा आवाज दुसरीकडं कुठं हाय रं माझ्याकडं?"

"मग कॅसेट घरी न्हे. ऐक निवांत."

"एकट्याला न्हाय ऐकवायचं. यानातनं उतरून ऐकतो."

देखाव्याच्या पहिल्या संध्याकाळी तो दाढी करून, केसांना तेल लावून आला. दुसरी अंतराळवीर मी, त्याच्या शेजारी. यान उतरलं. टेपवर त्याचाच आवाज आला : "कुणी हाय का हितं?"

खट्ट झालं. आणि गणपतीची आरती सुरू झाली.

पडद्यामागं बाळासोनं कपाळावर हात मारला. "आयला, मीच भरली की. सकाळच्याला पोरं उठत न्हाईत, म्हणून आरती टेपवरच... कोरी वाटली रं मला."

कॅसेटच्या कडेची टिकली मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. आकारामनं ती मुद्दाम न मोडता ठेवली होती. पुढच्या साली बायडाबाईचं बोलणं वाढवायचं ठरलं होतं ना.

समोरची गर्दी उभी राहिली. चपला निघाल्या, टाळ्या सुरू झाल्या. बाळासोचा हात बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला. चालू आरती मधेच बंद कशी करायची? आकारामनं चंदेरी हातमोजे काढले आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

आरती संपली. लोक प्रसादाकडं वळले. बाळासो टेप बंद करायला वाकला.

"राहू दे," आकाराम म्हणाला. "पुढं असंल."

टेप नुसतीच फिरत राहिली.

"असंल की रं. थांब जरा."